चौकशीबाई

"आत्ता किती दुखलं? शून्य ते दहा."

गिरणीत ज्वारी चालू होती. तिच्या घरघरीवर मात करायला माझ्या कमरेच्या पट्ट्यानं आपला आवाज आपणच चढवून घेतला होता. बाकावर डबे घेऊन बसलेल्या बायकांनी एकदम माझ्या पोटाकडे पाहिलं. काट्याजवळ उभे असलेले माझे वडील, अप्पा, घाईघाईनं वजनं पुसायला लागले.

"एक," मी म्हटलं.

खरं म्हणजे स्टुलावरून उठताना कमरेतून मांडीपर्यंत अशी सणक गेली होती की मी पिठाच्या पिंपाला धरून तशीच उभी राहिले होते. पण अप्पांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, दुखतंय म्हणून सांगायचं तरी काय? आणि सांगितलं तर ते बिचारे करणार काय?

"एकच?" मालनकाकू खूश झाल्या. त्या आमच्या शेजारणी, गिरणीच्या पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. "जयाची लेक शोभतीस बघ. तुझ्या वेळंला हिनं सकाळी दोन डबं दळलं, रिक्षात बसून दवाखान्यात गेली, आन् दुपारच्याला मोकळी. शेजारच्या कॉटवरच्या बाईला पत्ता न्हाई! तोंडातनं आवाज म्हणून काढला न्हाई हिनं."

आई चाळणी झटकत होती. या गोष्टीवर ती कधीच काही बोलत नाही. ओठ मिटून नुसती हसते. लहानपणापासून ते हसू बघून मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे आपल्याला काही जमायचं नाही. मी जन्माची काळजीखोर. बाळ सकाळी कमी हललं की दुपारपर्यंत पोटावरचा हात काढत नव्हते. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघताना भुवई उचलली तर ती का उचलली हे मला रात्रभर पुरायचं.

गिरणीत पट्टा म्हटला की मोटरचा पट्टा. घोटाळा नको म्हणून मालनकाकूंनी माझ्या पट्ट्याला वेगळं नाव ठेवलं होतं, चौकशीबाई. "तुझी चौकशीबाई बोलली गं," असं त्या, मी ऐकलं नसेल तर, हाक मारून सांगत. पायात गोळा आला, बाळानं बरगडीखाली लाथ मारली, उठताना कंबर लचकली, की बाई विचारायच्याच. मी एक नाहीतर दोन सांगायचे. एकदा आतल्या खोलीत एकटी असताना धीर करून "पाच" म्हटलं, तर बाहेरून लगेच आईचा आवाज आला.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही, आई." आणि मी खालच्या आवाजात पट्ट्याला सांगितलं, "दोन, दोन."

"धन्यवाद," पट्टा म्हणाला. "दोन नोंदवलं."

*

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सातव्या महिन्यात नाशिकहून कऱ्हाडला आले होते. पट्टा इथल्या सरकारी दवाखान्यातच मिळाला. तो कमरेला बांधून देताना डॉक्टर शबाना मुल्लांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. मी प्रश्न फार विचारते, हे त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखलं होतं.

"गर्भाशय आवळतं, त्याची खबर बारीक मज्जातंतूंमधून मागं जाते आणि पाठीच्या कण्यात शिरते. बरोबर? हा पट्टा त्या शिरण्याच्या जागेवर ध्वनिलहरी सोडतो. आपल्याला ऐकू न येणाऱ्या. मागच्या बाजूला शेकडो तबकड्या आहेत, मोहरीएवढ्या. एकेकीची लहर अगदी कमजोर. पण सगळ्या मिळून जिथं एका जागी येतात, तिथले बारीक तंतू थोडा वेळ गप्प बसतात. पाय हलवणारे, जोर लावणारे जाड तंतू चालू राहतात."

"आणि बाळ?"

"बाळ पुढं, लहरी मागं. ते मी दहा जणींना सांगितलंय, तुला अकराव्यांदा सांगते."

पाठीत सुई नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. डॉक्टरांना वेगळ्याच गोष्टीचं बरं वाटत होतं. प्रसूतीत वेदनाशमन मागण्याचा हक्क कायद्यानं आधीच दिला होता. नवरा, सासर, माहेर, डॉक्टर, कुणालाच बाईच्या वतीनं 'नको' म्हणता येत नाही, असं त्यात स्पष्ट होतं. पण पाठीतलं इंजेक्शन द्यायला भूलतज्ज्ञ लागतो, आणि इथं एकच भूलतज्ज्ञ तीन तीन दवाखाने सांभाळायचा. त्यामुळे हक्क होता आणि तो द्यायला माणूस नव्हता. पट्टा आला तेव्हा कुठं तो हक्क कॉटपर्यंत पोचला.

"मग हा आत्तापासून का बांधायचा?" मी विचारलं.

"कारण दुखणं मोजायचं यंत्र नाही जगात. नाडी, श्वास, घाम, स्नायूंचा ताण, एवढंच पट्ट्याला कळतं. पण तेवढ्याच नाडीला एक बाई तीन म्हणते, दुसरी आठ म्हणते, आणि दोघी खऱ्या असतात. म्हणून तो आधी तुझी भाषा शिकतो. अंगात काही झालं की विचारतो, किती. तू सांगतेस. तुझ्या अंगाची खूण आणि तुझा आकडा, अशा जोड्या लावत जातो. ऐन कळेत कुणाला बोलायचं भान नसतं. तेव्हा तो तुझ्या अंगावरून ओळखतो आणि तेवढंच शमन देतो. कमी दिलं तर उपयोग नाही, जास्त दिलं तर जोर कधी लावायचा ते समजत नाही."

मला हे लगेच पटलं. मी नाशिकला पालिकेच्या पाणी-प्रयोगशाळेत काम करते. आम्लतेचा मीटर नमुन्यात घालण्याआधी ठरलेल्या द्रावणात बुडवून त्याला शिकवावं लागतं, हे चार आहे, हे सात आहे. तिथं चुकलं तर पुढचे सगळे आकडे चुकीचे येतात, आणि दिसताना अगदी खात्रीचे दिसतात.

"आणि एक," डॉक्टर म्हणाल्या. "याला माझ्यासाठी बटण नाही. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये वॉर्ड शांत राहावा म्हणून तिथले लोक परस्पर पट्ट्यांचं शमन वाढवून ठेवायचे. आता ते बंद केलंय. हा फक्त तुझं ऐकतो. आणि ऐन वेळी कुणी दबाव आणून आकडा बदलायला लावला, तर तेही ओळखतो. जुन्या जोड्यांवर विश्वास ठेवतो, एका ओरडण्यावर नाही."

किती विचारपूर्वक केलंय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

*

सासूबाईंचा फोन रोज यायचा. "शर्वरी, अजिबात सोसायचं नाही हं. आमच्या वेळी नव्हतं, तुमच्या वेळी आहे, तर हक्कानं घ्यायचं. आईंना पण सांग, मी सांगितलंय म्हणून."

मी सांगितलं. आईनं भाकरी थापता थापता परातीवर जरा जोरातच थाप मारली.

"त्यांनी सांगितलंय म्हणजे? आम्ही काय पोरीला छळायला आणलंय?"

"तसं नाही गं."

"बांध की पट्टा, मी कुठं नको म्हणते. पण माणूस आधीपासून 'दुखलं, दुखलं' करायला लागलं ना, की दुखणं वाढतं. मन घट्ट ठेवायचं. तू लहानपणी पडलीस तरी मी हेच म्हणायचे, काही नाही झालं, ऊठ. मग तू उठायचीस."

"आत्ता किती दुखलं?" पट्ट्यानं विचारलं. बाळ नुकतंच खाली सरकल्यासारखं झालं होतं.

आई माझ्याकडे बघत होती.

"दोन," मी म्हटलं. आईनं भाकरी उलटली.

*

सकाळी चहा गाळताना पहिली कळ आली. अप्पांनी गाडी काढली, आईनं गिरणीच्या दाराला कुलूप घातलं, मालनकाकू आपलं दळण राहिलं हे विसरून हात जोडून उभ्या राहिल्या. निनादला, माझ्या नवऱ्याला, फोन केला तेव्हा तो कामावर पोचला होता. "निघालोच," म्हणाला. नाशिकहून यायचं म्हणजे त्याला अर्धा दिवस लागणारच होता.

दवाखान्यात पट्ट्याचं दुसरं काम सुरू झालं. कमरेला कोमट लागलं, तबकड्या जागा शोधत हळूहळू सरकल्या आणि तो म्हणाला, "शमन सुरू. पायरी एक."

सुरुवातीला खरंच काही वाटलं नाही. मी आईशी बोलत होते, बाळाच्या टोपड्यांचा विषय चालला होता. मग कळा जवळजवळ यायला लागल्या, आणि बोलता बोलता माझं वाक्य मधेच तुटायला लागलं. पोटाच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी आवळत यायचं, कमरेच्या आतून कुणी पिळा द्यावा तसं, आणि सुटतंय असं वाटेपर्यंत पुन्हा.

"आत्ता किती?"

आईनं माझा हात धरला होता. "गेली, गेली बघ कळ. शहाणी माझी."

"तीन," मी म्हटलं.

"धन्यवाद. पायरी दोन."

मी वाट बघत राहिले. पट्टा काम करतोय, थोडा वेळ लागत असेल. सगळ्या बायकांना मिळतं ते मलाही मिळेल. पुढची कळ आली तेव्हा मी कॉटचा लोखंडी दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली, आणि ओठ आत घेऊन चावला. आईनं पदरानं माझं कपाळ पुसलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या खाली थोडा अभिमान होता. तो मला नीट दिसला. मी असल्या गोष्टी बघतेच.

डॉक्टर मुल्ला तपासायला आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे.

"शर्वरी, किती होतं आत्ता?"

"चार... असेल."

"चार." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "ही तुझी नाडी. हा श्वास. दुसऱ्या कुणाचं असतं तर पट्टा पायरी सातवर गेला असता. तुझ्यासाठी तो म्हणतोय, ही बाई एवढ्याला अडीच म्हणते. या दोन महिन्यांत तू त्याला काय शिकवलंस?"

मला उत्तर द्यायचं होतं, पण कळ आली. आणि त्या कळेतच मला आमची प्रयोगशाळा दिसली. टेबलावर मीटर, आणि मी स्वतःच्या हातानं त्याला चुकीच्या बाटलीत बुडवतेय. एकदा नाही, रोज. स्टुलावरून उठताना, गिरणीत, स्वयंपाकघरात. दोन, दोन, एक, दोन. ती उत्तरं पट्ट्याला नव्हतीच. ती अप्पांना होती, मालनकाकूंना होती. पट्टा बिचारा मधे उभा राहून सगळं खरं मानत होता.

"नऊ!" मी म्हटलं. "नऊ आहे हे!"

"हे उत्तर तुमच्या नेहमीच्या उत्तरांशी जुळत नाही," पट्टा शांतपणे म्हणाला. "तुम्हाला कुणी असं सांगायला लावत आहे का?"

आधीची उत्तरं सांगायला लावत होते, असं मला ओरडून सांगायचं होतं.

*

"भूलतज्ज्ञ सिझेरियनमध्ये आहेत, आणि त्यांना तिथून लगेच दुसरीकडे जायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांची वाट बघू शकतो. येतील, पण कधी ते सांगत नाही. नाहीतर एक मार्ग आहे. पट्टा पुन्हा शिकवायचा."

"आत्ता?"

"आत्ता. जुन्या सगळ्या जोड्या पुसायच्या. मग काही कळा तो तुला काहीही देणार नाही, नुसता ऐकेल. आता मिळतंय ते एवढंसं शमन, तेही जाईल. तू खरा आकडा सांगायचा. चार-पाच कळांमध्ये त्याला अंदाज येतो." त्या थांबल्या. "आणि त्या वेळेत खोलीत नातेवाईक चालत नाहीत. नियम आहे. दबाव नको म्हणून. त्यांना बाहेर जायला मी सांगून चालत नाही, ते तूच सांगायचं."

आई कॉटच्या उशाशी उभी होती. तिनं माझा हात आणखी घट्ट धरला.

"मी कुठं जाणार नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. "पहिलटकरीण आहे ती. आईनं नाही थांबायचं तर माहेरी आणायचं कशाला? आणि होतंय की तिचं छान. आवाजसुद्धा नाही काढलेला तिनं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

मला वाटलं, राहू दे. आणखी थोडं सोसू. आईनं सोसलं, कुणालाही कळू न देता. पुढच्या सगळ्या आयुष्यात मालनकाकू गिरणीत सांगतील, लेकीनं पण आवाज काढला नाही. आईला बाहेर काढलं, तर बाहेर अप्पा बसलेत, त्यांना ती काय सांगेल? पोरीनं घालवलं मला?

पण कळ आली, आणि ती आधीच्यापेक्षा मोठी होती. तिच्यात असं काही गौरवाचं नव्हतं. मला फक्त ती थांबायला हवी होती.

"आई," मी म्हटलं. "तू बाहेर जा."

"काय?"

"बाहेर जा थोडा वेळ."

"मी?" ती खरोखर गोंधळली. "मी काय केलं गं?"

"तू काही नाही केलंस. तू समोर असलीस की माझ्या तोंडून दोनच निघतं."

मग तिनं हातातला टॉवेल घडी करून माझ्या पायाशी ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. पाण्याची बाटली माझ्या हाताला लागेल अशी सरकवली. आणि गेली. दार लावताना तिनं कडीचाही आवाज होऊ दिला नाही.

"पहिली उत्तरं पुसायची का?" पट्ट्यानं विचारलं. "कारण सांगा."

"ती दुसऱ्यांसाठी होती," मी म्हटलं.

"पुसली आहेत. शमन थांबवलं आहे. मी ऐकतो आहे."

*

त्या कळा मी विसरणार नाही, आणि त्यांचं वर्णनही करणार नाही. पहिल्या कळेनंतर पट्ट्यानं विचारलं, तर एवढं होऊनसुद्धा माझ्या तोंडून आलं, "सा..." कदम सिस्टर माझ्या कमरेवर तळवा दाबून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता कोण आहे इथं? भिंतीला लाजतेस होय?"

"नऊ," मी म्हटलं.

दुसऱ्या कळेला मी ओरडले. आधी घशातून चुकून निघाल्यासारखा आवाज आला, मग तो माझा मलाच अनोळखी, जाडाभरडा होऊन मोठा झाला. मी थांबले, सवयीनं, कुणी रागावेल म्हणून. कुणी रागावलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "हां, असं." तिसऱ्या कळेला मी थांबलेच नाही. "दहा! दहा आहे, दहा, दहा!"

"समजलं," पट्टा म्हणाला. चौथ्या कळेनंतर पुन्हा म्हणाला, "समजलं. पायरी सात."

पाचवी कळ आली, हे मला पोटावर हात ठेवल्यावर कळलं. पोट दगडासारखं झालं होतं. आत काहीतरी मोठं, जड चाललं होतं, पण शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवत असावं तसं. मला रडू आलं, आणि त्या रडण्यात दुखण्याचा काही भाग नव्हता.

"आईला बोलवा," मी म्हटलं.

आई आली ती दारातच थांबली. डोळे लाल होते. आत येऊ का, असं तिनं कधी विचारलं नव्हतं, पण त्या वेळी तशी उभी होती.

"ये ना."

ती स्टूल ओढून बसली. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"सगळ्या मजल्याला ऐकू आलं." मग म्हणाली, "मी दाराशीच होते. वाट बघत होते, आता कोण बोलतंय तुला."

"कोण बोलणार?"

"सिस्टर. आया. कुणीतरी." ती टॉवेलच्या दशा सरळ करत होती. "तुझ्या वेळी माझ्या शेजारच्या कॉटवर एक बाई होती. माझ्याच वयाची. ती ओरडली तर आयानं काय म्हणावं तिला? तेव्हा गोड लागलं, आणि आता बोंबलतेस. सगळ्यांसमोर. बाहेर तिचा सासरा बसला होता. आणि मांडीवर चापट मारली. मी बघितलं, आणि म्हटलं, आपण नाही असलं ऐकून घ्यायचं. पदराचा बोळा तोंडात धरला, तो तू बाहेर येईपर्यंत."

"मालनकाकू तर म्हणतात..."

"त्यांना काय माहीत? त्यांना वाटलं, मी धीराची. मी भ्याले होते."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? त्या कौतुक करत होत्या." ती थोडीशी हसली. "कौतुक बरं वाटतं गं."

"किती दुखलं होतं तुला?"

आईनं विचार केला. खरंच केला, हे तिच्या कपाळावर दिसलं.

"कुणी विचारलंच नाही कधी," ती म्हणाली. "त्यामुळे मोजायचं राहिलं. पण मधे एकदा मला वाटलं होतं, आपण मेलो तरी चालेल, पोरगी निघू दे."

मी तिचा हात धरला. पोट पुन्हा कडक होऊ लागलं होतं.

"आली का कळ? किती आहे?" आता चौकशीबाईआधी आईच विचारत होती.

"दोन."

तिनं डोळे बारीक केले. "खरं दोन, का गिरणीतलं दोन?"

मला इतकं हसू आलं की कदम सिस्टर धावत आल्या. "खरं दोन," मी म्हटलं. "शपथ."

मग दुपारभर आम्ही बोलत बसलो. आईशी इतका वेळ, मधे गिरणी नाही, भाकरी नाही, असं कधी बोलले होते मी? ती तिच्या पहिल्या नोकरीचं बोलली, मी निनादचं बोलले, त्याच्या आईचंही बोलले. "बाई चांगली आहे ती," आई म्हणाली, "जरा फोन कमी करायला सांग." मधेच निनादचाच फोन आला, पुण्याच्या पुढं आलोय म्हणून, आणि आईनं तो माझ्या हातातून घेऊन त्याला सांगितलं, "सावकाश या. ती निवांत आहे."

*

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "आता जोर लावायची वेळ. पायरी आहे तशी ठेवली तरी चालेल, मी सांगेन तेव्हा जोर लावायचा. थोडी उतरवली तर तुझं तुला समजेल, पण जाणवेल. तू सांग."

आईचे ओठ हलले. तिला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं, आणि ते तिनं परत गिळलेलंही मला दिसलं. "तुझं तू ठरव," ती म्हणाली.

पूर्ण उतरवायची मला भीती वाटत होती. अजिबात न उतरवायचीही वाटत होती, मला सगळ्याचीच वाटते. "चारपर्यंत येऊ दे," मी पट्ट्याला म्हटलं. "त्याच्या वर गेलं तर मी सांगेन."

त्याच्या वर गेलं, मी सांगितलं, आणि त्यानं ऐकलं. एवढंच मला हवं होतं. मी ओरडलेही, कारण जोर लावताना ओरडलं की बरं वाटतं हे आता मला माहीत झालं होतं. आईनं माझी मान मागून उचलून धरली होती, आणि तीही माझ्याबरोबर श्वास रोखून जोर लावत होती, इतका की डॉक्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही नाही, ती."

आणि मुलगी आली. निळसर, ओली, माझ्या छातीवर ठेवली तेव्हा कोमट आणि अपेक्षेपेक्षा जड. ती आधी गप्प होती. मग तिनं तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की कदम सिस्टर म्हणाल्या, "आवाज तर आईचाच घेतलाय."

आई दाराशी गेली. बाहेर अप्पा एकटेच होते, निनाद अजून पोचायचा होता. दार अर्धं उघडल्यावर मला त्यांचा पांढरा शर्ट आणि हातात गच्च धरलेला फोन दिसला.

"काय झालं?" अप्पा म्हणाले. "बाळ कसं..."

"बाळाचं सांगते," आई म्हणाली. "आधी तिचं विचारा."

अप्पा गोंधळले. माझ्या आजारपणाबद्दल, दुखण्याखुपण्याबद्दल काही असलं, की ते आईला विचारायचे, आणि आई 'बरी आहे' म्हणायची. आमच्या घरात ते असंच चाललेलं होतं. त्यांनी आईकडे पाहिलं, ती दारातून बाजूला झाली. मग ते उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथून, जरा खाकरून म्हणाले,

"शरू, फार त्रास झाला का गं?"

'नाही, अप्पा' तोंडात अगदी तयार होतं.

"झाला, अप्पा," मी म्हटलं. "खूप झाला. मग थांबवला."

ते मान हलवत राहिले. "बरं केलंस," म्हणाले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, आत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

मग त्यांनी बाळाकडे पाहिलं.